जव पुन्हा भिजत घातले

बुधवार, २ ऑगस्ट

ऊन चांगलं पडलं होतं, वरच्या उतारावरचं गवत अर्धं कापून झालं होतं, आणि मोन्स म्हाताऱ्यानं विळा कुंपणाला टांगला आणि म्हणाला, गवत राहू दे, आधी बीअर करायची आहे.

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. इथं घरोघर बीअर होते ती नाताळच्या आधी, एवढं मलाही माहीत आहे. ऑगस्टात गवत सोडून कुणी बीअर करत नाही. मी तसं म्हणालो तर म्हातारा म्हणाला, तू माशाच्या डोक्याचा माणूस, तुला काय कळतंय त्यातलं. आम्ही उत्तरेकडचे सगळे त्याच्या लेखी माशाच्या डोक्याचे.

मार्चमध्ये इथं आलो तेव्हा महिनाभर राहीन असं ठरवलं होतं. मी कुठं टिकत नाही. शाळा सातवीत सोडली, मग कॉड माशांच्या बोटी, मग मासे गोठवायचा कारखाना, मग धरणाच्या बोगद्यात दगड वाहायचं काम. पाय शिवशिवायला लागले की मी निघतो. बोगद्यावरच्या स्वयंपाक्यानं सांगितलं होतं, तुझे हात सारखे चुळबुळतात, रोज काहीतरी लिहीत जा. म्हणून हे.

म्हाताऱ्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी सिन्नोवे बर्गेन शहरात असते. इथं तो, मी, चार गाई आणि कुत्रा. गवत अर्धवट पडलंय याचं वाईट वाटतंय. पाऊस आला तर कुजेल. म्हाताऱ्याला पर्वा दिसत नाही, आणि या माणसाला गवताची पर्वा नाही असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

शनिवार, ५ ऑगस्ट

दिवसभर ज्युनिपरच्या झुडपांच्या फांद्या तोडल्या. त्या उकळत्या पाण्यात घालतात, बीअरला वास येतो आणि ती टिकते. हात सोलून निघाले. एवढ्या कशाला म्हणून विचारलं तर म्हातारा म्हणाला, ही टिकली पाहिजे. किती दिवस? तर म्हणाला, ते माहीत असतं तर मोजूनच आणायला सांगितल्या असत्या.

पोस्टमन आला होता. फांद्यांचा ढीग पाहून त्याला वाटलं लग्न. सिन्नोवे दुसरं लग्न करतेय का म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, नाही, मीच जातोय नवरा होऊन. पोस्टमन हसत हसत सायकलवर बसला आणि आता खालच्या गावात सगळ्यांना सांगत सुटला असणार. तो गेल्यावर म्हातारा पायरीवर बसून राहिला, मूठ बरगडीखाली दाबून. हल्ली तसाच बसतो. जेवणात नुसती पेज घेतो. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं माझ्याकडून. खिळा तापवून पाडलं, छान पडलं.

सोमवार, ७ ऑगस्ट

ताईचा फोन. घरात फोन भिंतीला आहे, म्हातारा शेजारीच बसलेला, तरी बोललो की आम्ही बीअर करतोय. ताईचा आवाजच बदलला. म्हणाली, हातभट्टी लावलीस? पोलीस धरतील. आंधळा होशील. आमच्या गावचा एक बोटवाला असलं काही पिऊन आंधळा झाला होता, तेच तिच्या डोक्यात. मी समजावलं की ती दारू गाळतात, ही बीअर आहे, जवाची, हिला गाळत नाहीत, नुसती मुरू देतात. तिला काही पटेना. मग म्हणाली, समोर काय आहे ते वाचून दाखव. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरचं खताचं नाव वाचलं. अजून वाच म्हणाली. बारीक अक्षरातलं सगळं वाचलं, पोटॅशपर्यंत. पण अजून प्यायलेला नाहीस ना, म्हणून दिसतंय, असं म्हणून फोन ठेवला.

म्हातारा इतका हसला की खोकला लागला, आणि खोकला लागला तो थांबेना. रुमाल तोंडाला धरून बाहेर गेला. परत आला तेव्हा रुमाल त्याच्या हातात नव्हता. चुलीत टाकला म्हणाला, जुना होता.

बुधवार, ९ ऑगस्ट

आज झाली. अजून हाताला वास आहे.

पहाटेपासून तांब्याचा मोठा हंडा तापत होता. अंगणाच्या कडेला एक दगडी खोली आहे, फक्त चूल आणि हा हंडा, तिथंच सगळं चालतं. दळलेले मोडाचे जव लाकडी टबात, वर ज्युनिपरचं उकळतं पाणी, मग तासन्‌तास निथळू द्यायचं, मग तो गोड काढा पुन्हा हंड्यात उकळायचा. मी फक्त लाकडं आणली आणि पाणी ओढलं.

एक घोटाळा केला. भिंतीला एक लाकडाची कोरलेली कडी टांगलेली होती, तिच्यावर पिवळट पांढरा मळ वाळून बसलेला. मला वाटलं, आधी भांडी स्वच्छ पाहिजेत. गरम पाणी आणि सोडा घेऊन घासायला निघालो. म्हाताऱ्यानं हातावर डाव मारला, जोरात. ते विरजण होतं. त्याच्या आज्जीच्या आधीपासून त्या कडीवरून बीअर लागते. म्हणाला, आंघोळ तू कर, तिला नको. मी हात चोळत उभा राहिलो. मग त्यानंच विचारलं, लागलं का रे. असं कधी विचारत नाही.

दुपारी यार्ले आला. लाकडाच्या गिरणीत असतो, माझा इथला एकच दोस्त. फुकट बीअरचा वास लागला त्याला, घरून मोठा पेला घेऊन आला होता. म्हातारा म्हणाला, ही बीअर नाही अजून, नुसतं गोड पाणी आहे. यार्लेनं ऐकलं नाही. तीन पेले प्यायला आणि मग त्याला चढली. खांद्यावर हात टाकून गाऊ लागला, म्हाताऱ्याला म्हणाला काका तुम्ही माझ्या बापासारखे. विरजण अजून लावलंच नव्हतं, चढायला त्यात काही नव्हतंच. आम्ही दोघं तोंड दाबून हसत होतो. संध्याकाळी तो कुडाच्या संडासात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. त्या काढ्यानं पोट झरझर साफ होतं, म्हाताऱ्याला ते माहीत होतं.

विरजण लावताना ओरडायचं असतं. जितकं जोरात तितकी कडक होते म्हणतात, आणि जे काही वाईट टपून असेल ते पळतं. म्हाताऱ्यानं कडी कोमट काढ्यात सोडली, छाती भरून घेतली, आणि नुसती शिट्टीसारखी हवा निघाली. पुन्हा प्रयत्न केला. मग मला म्हणाला, तू ओरड. मी ओरडलो, कुत्रा गोठ्याखाली घुसला, नदीपलीकडच्या शेजारीण गुरोबाई दारात येऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या. दरवेळी त्या हात करतात. आज नुसत्या बघत राहिल्या.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

पिंपात नुसता फेस आणि सळसळ. मी कान लावून ऐकतो. म्हातारा मला टबावर वाकू देत नाही, त्या वाफेनं माणूस आडवा होतो म्हणाला.

सिन्नोवेचा फोन आला तेव्हा म्हातारा गोठ्यात होता. मीच घेतला. आवाज थकलेला. म्हणाली, बीअर कुठवर आली? मला नवल वाटलं, तिला बीअरचं काय? मी म्हणालो, फसफसतेय. म्हणाली, बरं. बाबांनी शब्द दिलाय, बीअर पिंपात बंद झाली की गुरुवारच्या बसनं येतो म्हणून. इथं इस्पितळात त्यांच्यासाठी खाट ठेवलीय. पोटात गाठ आहे, डॉक्टर म्हणाले महिनाअखेरपर्यंत कापायला हवी, त्यानंतर कापून उपयोग नाही. तू त्यांना बसमध्ये बसवशील ना?

मी हो म्हणालो. फोनवर दुसरं काय म्हणणार?

गाठ. म्हणून पेज, म्हणून पट्टा. मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर असंच म्हणतात. बाबांच्या वेळी ट्रॉम्सोच्या डॉक्टरानंही हेच म्हटलं होतं, लवकर आणा. बाबा छोटी पेटी घेऊन बोटीवर चढले, रविवारपर्यंत येतो म्हणाले, माझ्या टोपीवर टपली मारली. त्याच बोटीनं परत आले, खोक्यात. मी दहा वर्षांचा होतो. घरी होते तोवर चालत बोलत होते ना. नेल्यावरच गेले.

रविवार, १३ ऑगस्ट

काल बीअर पिंपात भरली, तळघरात ठेवली. चव घेतली. जाड, तपकिरी, तोंडात राहते. मी अशी कधी प्यायलो नव्हतो. डोळे ठीक आहेत, ताईला कळवायला हवं.

आज गुरोबाईंकडे दूध पोचवायला गेलो. त्या पासष्टीच्या असतील, नवरा नाही, मेंढ्या आहेत, तोंड फटकळ. मी विचारलं, म्हाताऱ्यानं ऑगस्टात बीअर का केली? त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं मी उघड्या अंगानं उभा आहे.

"तुला खरंच माहीत नाही? ती पुरायची बीअर आहे."

मग सगळं सांगितलं. इथं माणसाला पुरून आले की गावाला घरची बीअर देतात, त्याच घराच्या पाण्याची, त्याच घराच्या विरजणाची. दुकानातली दिली तर घराण्याचं नाक कापलं. म्हणून जोखमीच्या वाटेला निघताना शहाणा माणूस आधी ती करून ठेवतो. त्यांच्या नवऱ्यानंही एकदा हेरिंग माशांच्या हंगामाला जाताना केली होती. ईस्टरला धडधाकट परत आला आणि स्वतःच बसून सगळी प्यायला, ओशाळं हसत. गुरोबाई सांगताना हसल्या. मी नाही हसलो. मी विचारलं, तो आता कुठं आहे? त्या म्हणाल्या, कुठं असणार, चर्चमागे.

बस, म्हणजे तेच. दहा दिवस आम्ही त्याच्या मरणाची बीअर करत होतो आणि मी लाकडं आणत होतो. ओरडलो पण मीच.

सोमवार, १४ ऑगस्ट

म्हाताऱ्यानं पेटी काढली. लहान आहे, तपकिरी, कोपऱ्यांना पत्रा. दोन सदरे, दाढीचं सामान, लोकरी मोजे. मला म्हणाला, काळा कोट झटकून उन्हात घाल. मी घातला. डांबरगोळ्यांचा वास आला.

जेवताना म्हणाला, गुरुवारी निघतो. गाईंचं तू बघ, गुरो मदत करील. बीअर झाली, आता मला कसली काळजी नाही. हे म्हणताना खूश होता. पेजेत लोणी घालून घेतलं.

काळजी नाही म्हणतो. बीअर झाली म्हणून मोकळा झाला. माणूस असा मोकळा झाला की जातोच. बाबाही जाळी विणून पुरी करून, गाठ मारून निघाले होते.

पाय शिवशिवताहेत. मासेमारीच्या ट्रॉलरवाल्या कप्तानानं सप्टेंबरात जागा देतो म्हटलं होतं. जावं का? पण मी गेलो तर याला थांबवणार कोण?

मंगळवार, १५ ऑगस्ट

म्हातारा दुपारी गुरोबाईंकडे केस कापून घ्यायला गेला. मी तळघरात उतरलो.

बराच वेळ पिंपासमोर बसलो. मग तोटी उघडली. बीअर आधी जोरात आली, मग संथ. जमिनीला उतार आहे, दगडी पन्हळीतून ती बाहेर ओढ्यात गेली. पिंप तिरकं केलं, गाळसुद्धा राहू दिला नाही. वास इतका चांगला होता की रडू आलं, का ते माहीत नाही.

जे केलं ते केलं. बीअर नाही तर तो घर सोडणार नाही, पिंपात बंद झाली की येतो असाच त्याचा शब्द आहे ना. नवीन करायला मोडाचे जव नाहीत, सगळे वापरले. कोरडे जव आहेत कणगीत, ते भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा. आठवडे जातील. तेवढे आठवडे तो इथं माझ्यासमोर चालेल, फिरेल, मला शिव्या देईल. नंतरचं नंतर बघू.

आतून बरं वाटतंय. मी कधी कुणासाठी काही केलं नव्हतं.

बुधवार, १६ ऑगस्ट

सकाळी तो चव बघायला उतरला. वर आला तेव्हा पायरीला धरून आला. मी चुलीपाशी उभा होतो. तो माझ्याकडे बघत होता, नीट कापलेल्या केसांत डोकं लहान दिसत होतं. मी सांगून टाकलं असतं, पण त्याआधी तोच म्हणाला,

"तोटी जुनी झाली होती."

मी म्हणालो, हो. तो खुर्चीत बसला. कुत्र्यानं त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. मग म्हणाला, जव पुन्हा भिजत घालू. आणि फोनकडे गेला. सिन्नोवेला म्हणाला, थांब थोडी, बीअर गेली. पलीकडून ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. शेवटी म्हणाला, घरात बीअर नसताना मी उंबरा ओलांडणार नाही, तुझ्या आईच्या वेळी मी दुकानातल्या बाटल्या दिल्या होत्या, ती लाज मला पुरे.

तर बस उद्या त्याच्याशिवाय जाईल. गाईंचं दूध काढताना मी शीळ घातली.

शनिवार, १९ ऑगस्ट

जवाचं पोतं तीन दिवस ओढ्यात भिजतंय. बीअर जिथून वाहत गेली तिथंच.

गावात सगळ्यांना वाटतंय बीअर मी आणि यार्लेनं ढोसली. यार्लेला गिरणीत शाबासकी मिळतेय, एवढं मोठं पिंप दोघांत. तो नाही म्हणत नाही, छाती काढून फिरतोय. मीही काही बोललो नाही. म्हणू देत चोर. गुरोबाईंनी मात्र दूध माझ्या हातून घेतलं नाही, कट्ट्यावर ठेव म्हणाल्या. आणि म्हणाल्या, तहान लागली होती तर मागायचं होतंस, म्हातारा नाही म्हणाला नसता. तू काय घालवलंस ते तुला कळलं नाही पोरा.

मला चांगलं कळलंय. त्यांनाच कळलं नाही. पण बायकांशी कोण वाद घालणार?

रविवार, २० ऑगस्ट

सिन्नोवे मोटार घेऊन आली. चाळिशीची, बापासारखाच जबडा. दोघं अंगणात भांडले, मी गोठ्याच्या फटीतून ऐकलं. ती म्हणाली, मी कारखान्यातून बीअरच्या पेट्या आणते. तो नाही म्हणाला. मग ती म्हणाली, गुरोबाईंकडून उसनी घेऊ. तो म्हणाला, गुरोच्या घरची नाताळनंतर संपलीय, आणि दुसऱ्याच्या पाण्याची चालत नाही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही बरे होऊन याल, कुणाला काही पाजायला लागणार नाही. तो म्हणाला, म्हणूनच तर. पाठीमागे ती असली की मी निश्चिंत झोपेन तुझ्या त्या ऑपरेशनच्या टेबलावर. नसली तर नाही झोपणार, आणि जो नीट झोपत नाही तो उठतही नाही.

जाताना ती माझ्याजवळ आली. हात धरला माझा, दोन्ही हातांनी.

"तुझं ते ऐकतात. तू सांग त्यांना. मी तुझ्या पाया पडते."

मी मान हलवली. तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिलो. मग म्हाताऱ्याकडे गेलो आणि पोतं ओढ्यातून काढायचं का एवढंच विचारलं.

तिला वाईट वाटतंय ते दिसतं. पण तिनं कुणाला बोटीवर बसवलेलं नाही. मला माहीत आहे ते तिला माहीत नाही.

गुरुवार, २४ ऑगस्ट

जव कोठाराच्या माडीवर पसरलेत, बोटभर थर. दर चार-पाच तासांनी लाकडी फावड्यानं उलटायचे, नाहीतर तापतात, कुजतात. मी करतो म्हणालो. म्हातारा नाही म्हणाला. राग नाही, नुसतं नाही. शिडीच्या तोंडाशी खाट टाकून घेतली आहे, तिथंच झोपतो आणि तिथंच उलटतो. म्हणजे माझ्यावर विश्वास राहिला नाही. ते एक टोचतं. पण चालेल.

पंधरा दिवसांपूर्वी हा माणूस पायरीवर मूठ दाबून बसायचा. आता दिवसातून कितीदा शिडी चढतो. गालांवर लाली आली आहे, अगदी तरुणासारखी, हात लावला तर अंग भट्टीसारखं गरम. कामानं माणूस कसा होतो बघा. खात मात्र काहीच नाही. भूक कामानंच मरत असेल.

मोड पांढरे, बारीक, काकडीसारखा वास.

रविवार, २७ ऑगस्ट

ताईचा फोन. तिला सांगितलं, मी ट्रॉलरवर जात नाही, इथंच राहतो. ती म्हणाली, डोळे ठीक आहेत ना रे? मी म्हणालो, एवढे चांगले कधी नव्हते. मग मी तिला विचारलं, बाबा गेले नसते तर, घरीच राहिले असते तर, किती जगले असते? ती म्हणाली, आयलिफ, ते आधीच डॉक्टरकडे जायला पाहिजे होते. वर्षभर आईला पोटाचं सांगितलंच नव्हतं त्यांनी.

हे मी पहिल्यांदा ऐकलं. ती तेव्हा मोठी होती, तिला माहीत असेल. किंवा तिला डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, स्वतःची कातडी वाचवायला. दिवसभर डोक्यात ते फिरत राहिलं. मग लाकडं फोडली, सगळी फोडली, पुढच्या हिवाळ्याची पण.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

सिन्नोवेचा फोन. ती रडत नव्हती, तेच कसं तरी वाटलं. म्हणाली, खाट दुसऱ्याला दिली. आता आले तरी फक्त झोपवून ठेवतील, कापणार नाहीत. बाबांना सांगू नकोस, मी रविवारी येऊन सांगते. मग विचारलं, ते काय करताहेत? मी म्हणालो, जव उलटताहेत. तिनं फोन ठेवला.

म्हणजे आता बर्गेन नाही. कुणी ओढायला येणार नाही. मी बाहेर येऊन अंगणात उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण कुंपणावरचा विळा उगाच काढला आणि परत टांगला. सवय नसते आनंदाची, म्हणून असेल.

वर माडीवर फावडं चालू होतं. खरर्, थांब, खरर्, थांब. आधी थांब लहान असायचा.

शनिवार, २ सप्टेंबर

सकाळचं सगळं आवरलं. दूध गुरोबाईंकडे दिलं. आज त्यांनी ते हातात घेतलं, आणि विचारलं, मोन्सला शेवटचं कधी धड बघितलंस? मी म्हणालो, काल संध्याकाळी, शिडीवर. त्यांनी एप्रन काढला, मी येते म्हणाल्या, मेंढ्या आत घालून येते. येऊ देत. बघू देत कसा कामाला लागलाय ते.

मोड आता पुरेसे आलेत, आज-उद्या वाळवायला घ्यायचे. मग दळायचे. मग पुन्हा फांद्या तोडायच्या, त्या मीच तोडीन, आणि सावकाश तोडीन. वाळवताना आच थोडी जास्त झाली तर जव करपतात, मग पुन्हा पहिल्यापासून. आच मी घालणार आहे. असं म्हटलं तर नाताळपर्यंत सहज जाईल. नाताळला तर सगळेच करतात, मग ती पुरायची राहणार नाही, साधी नाताळची होईल, आणि आम्ही दोघं बसून पिऊ.

मी इथं स्वयंपाकघरात बसलोय, खिडकी उघडी आहे, समोरच कोठार. मघापासून फावड्याचा आवाज येत होता, खरर्, आणि मग बराच थांब, आणि खरर्. आता थांब जरा मोठा झालाय. कुत्रा शिडीखाली उभा राहून वर बघतोय, शेपूट हलवत नाही. म्हातारा बसला असेल टेकून. बसू दे. शहाणा झाला म्हणायचा, इतके दिवस सांगतोय जरा टेका म्हणून. हाक मारली असती, पण जव उलटताना त्याला हाक मारलेली चालत नाही, हेरगिरी करतोस का म्हणतो.

कॉफी केली आहे, दोन कप. त्याचा झाकून ठेवलाय. गार झाली तर परत करीन. आता घाई कसली, वेळच वेळ आहे.